बुचाची कामं: ओळखण्यापासून शिवण्यापर्यंत

शटलकॉकच्या पिसांखालचं गोल बूड, लेदर बॉलच्या पोटातला गाभा, ऑफिसातला नोटीस बोर्ड, होमिओपॅथीच्या जुन्या बाटल्यांची इवलीशी बुचं. कॉर्क आपल्या आसपास कायमच होतं, फक्त त्याच्याकडे कुणी निरखून पाहत नव्हतं. आता कॉर्कच्या पर्सेस, चपला, कानातली, कोस्टर दुकानांतून दिसायला लागले आणि बाटल्यांची बुचं साठवणारी मंडळीही वाढली. ज्यांनी कॉर्कला अजून कात्री लावलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. कॉर्कचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा हात कच्चा म्हणून नाही, तर चुकीचं बूच हातात घेतल्यामुळे. त्यामुळे पहिली पायरी ओळखण्याची. कात्री आणि गोंद त्यानंतर.

हे येतं कुठून

कॉर्क म्हणजे एका ओक झाडाची साल. हा ओक भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात वाढतो: पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, इटलीतलं सार्डिनिया बेट. जगातलं जवळपास निम्मं कॉर्क एकटा पोर्तुगाल देतो, आणि त्यातलं बरंचसं दक्षिणेकडच्या आलेंतेजू भागातून येतं. पुण्यात रस्त्याकडेला पांढऱ्या सुगंधी फुलांचा सडा पाडणारं आपलं बुचाचं झाड वेगळं. त्याची साल पूर्वी हलक्या प्रतीच्या कॉर्कऐवजी वापरली जायची, एवढाच दोघांचा संबंध.

ओकची साल काढताना झाड तोडत नाहीत. मे ते ऑगस्टच्या दरम्यान कसबी माणसं कुऱ्हाडीने सालीला चीर देतात आणि मोठाले पत्रे अलगद सोडवतात. झाड साधारण २५ वर्षांचं झालं की पहिली सोलणी, आणि पुढची सोलणी किमान ९ वर्षांनी. सोललेल्या खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात, म्हणजे पुढची पाळी कधी ते लांबूनच कळतं. पहिल्या दोन सोलण्यांची साल खडबडीत आणि वेडीवाकडी असते. तिचा चुरा करून शीट, फरशा वगैरे बनवतात. बाटलीच्या बुचाच्या लायकीची साल तिसऱ्या खेपेला मिळते, तोवर झाडाने चाळिशी ओलांडलेली असते. पोर्तुगालमधल्या आगुअश दी मोउरा या गावात १७८३ साली लावलेला एक ओक अजून उभा आहे. १९९१ च्या एकाच सोलणीत त्याने १,२०० किलो साल दिली आणि तिच्यातून लाखाहून जास्त बुचं निघाली.

साल इतकी कामाची का, तर तिच्यात हवेने भरलेल्या बारीक बंद पेशी असतात, एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे ४ कोटी. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या त्या याच. कॉर्क हलकं असतं, तरंगतं, दाबलं की दबतं आणि सोडलं की फुगतं, उष्णता पुढे जाऊ देत नाही, पाणी शोषत नाही, ते या पेशींमुळे. पुढचे सगळे उपयोग यातूनच निघतात.

पायरी पहिली: हातातलं बूच कोणतं?

जमवलेली बुचं वर्तमानपत्रावर ओता आणि उजेडात एकेक बघा.

अस्सल, अखंड सालीतून काढलेल्या बुचाच्या अंगावर तपकिरी रेघा आणि छिद्रं दिसतात, आणि कुठलीही दोन बुचं सारखी नसतात. त्याच्या गोल टोकाकडे पाहा. तिथे कमानीसारख्या बारीक रेषा असतात, त्या सालीच्या वाढीच्या. एक रेषा म्हणजे एक वर्ष. मुलांना हे मोजायला द्या, रमतात. कोरायला, चकत्या करायला हेच बूच सगळ्यात चांगलं.

दुसरा प्रकार दाण्यांचा. कॉर्कचा चुरा डिंकासारख्या पदार्थाने चिकटवून दाबलेला असतो आणि चिक्कीतल्या दाण्यांसारखे तुकडे वेगवेगळे ओळखू येतात. हे अखंड वापरायला उत्तम, पण पातळ चकती करायला गेलात की दाणे गळायला लागतात. काही बुचांत मधला भाग दाण्यांचा आणि टोकांना अस्सल कॉर्कची चकती असते. शॅम्पेनचं अळंबीसारखं फुगलेलं बूच याच घराण्यातलं. अगदी बारीक, रव्याएवढे दाणे असतील तर मात्र ते बूच सुरीखाली छान वागतं.

तिसरं प्लास्टिकचं. रंग एकसारखा, रेघ नाही, छिद्र नाही, आणि कापलं तर आत फोमसारखं. फेकू नका, पण गरम भांड्याजवळ आणि ज्योतीजवळ नेऊ नका.

चौथं म्हणजे व्हिस्कीच्या बाटल्यांना येणारं, वर लाकडाची किंवा प्लास्टिकची टोपी असलेलं आखूड बूच. हे कापू नका. तेल-व्हिनेगरच्या बाटलीला पुन्हा लावता येतं आणि हाताने काढता-घालता येतं.

बुचं जमवायची कुठून? नाशिककडच्या कित्येक वाइनना आता फिरकीचं झाकणच असतं, त्यामुळे मित्रांच्या भरवशावर ढीग लवकर होत नाही. एखाद्या रेस्टॉरंटला सांगून ठेवलं तर पिशवीभर मिळतात. कोरी बुचं हवी असतील तर शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारा. तिथे ती आकारानुसार मिळतात आणि हौशी लोकांच्या सामानाच्या दुकानापेक्षा स्वस्त पडतात. मात्र हार्डवेअरच्या दुकानातली 'कॉर्क शीट' घेताना हुंगून पाहा. इंजिनाच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या गॅस्केटसाठी रबर मिसळलेली शीट येते, तिला टायरच्या दुकानाचा वास मारतो. तिचे कोस्टर करून पाहुण्यांपुढे ठेवू नयेत.

पायरी दुसरी: धुणं, वाफवणं, कापणं

वापरलेली बुचं कोमट पाण्यात थोडा साबण घालून घोळवा, निथळा आणि सावलीत दोन दिवस पूर्ण वाळू द्या. लाल वाइनचा डाग जात नाही. तो तसाच बरा दिसतो, घासून काढण्यात वेळ घालवू नका.

जुनं बूच कोरडं असतं आणि सुरी लावली की तुटतं. म्हणून कापण्याआधी ते मोदकपात्रात दहा मिनिटं वाफवा. वाफेने ते मऊ पडतं आणि धारदार कटरने एका ओढीत कापलं जातं. आडवं कापायचं असेल तर ब्रेड कापायची दातेरी सुरी चालते. बूच बोटांत धरून कापू नका, गोल वस्तू घरंगळते. त्याच्या एका बाजूला पॉलिश पेपरवर थोडं घासून सपाट बूड करून घ्या आणि मग पाटावर ठेवून कापा. भोक पाडायला आधी दाभणाने खूण आणि मग बारीक बिटचा ड्रिल, सावकाश. एकदम दाबलं तर पलीकडून कपचा उडतो.

शीटसाठी कात्रीपेक्षा स्टीलची पट्टी आणि नवं पातं. एका झटक्यात आरपार जायचा हट्ट नको. हलक्या हाताने तीन-चारदा पातं फिरवा. कोस्टरला ४-५ मिलिमीटर जाडीची शीट घ्या, २ मिलिमीटरची घाम आलेल्या ग्लासाखाली वाकडी होते. पिनबोर्डासाठी जाडी १० मिलिमीटरच्या आसपास हवी, नाहीतर टाचणी मागच्या लाकडावर आपटते.

चिकटवायला साधा पांढरा फेविकॉल पुरतो, फक्त दाबून ठेवायला वेळ द्यावा लागतो. ग्लू गन झटपट आहे आणि म्हणूनच सगळे तीच उचलतात, पण तिचा गोंद उष्णतेने पुन्हा मऊ होतो. पुढची वस्तू करताना हे लक्षात ठेवा.

पहिली वस्तू: गरम पातेल्याखालची अडणी

नवख्याने इथून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. कोरीवकाम नाही, शिवण नाही आणि दुसऱ्याच दिवशी वापरात येते.

वाइनचं साधं बूच साधारण २४ मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर लांब असतं. १० बुचं घ्या आणि प्रत्येकाचे मधोमध दोन तुकडे करा. २० तुकड्यांतले १९ लागतात. ते उभे मांडा: पहिल्या ओळीत ३, मग ४, ५, ४, ३. मधमाशांच्या पोळ्यासारखा षटकोन आपोआप जमतो आणि त्याची रुंदी सुमारे १२ सेंटिमीटर भरते. मध्यम पातेल्याला एवढी पुरे. मोठं हवं असेल तर बाहेरून आणखी १८ तुकड्यांचा वेढा द्या, म्हणजे ३७ तुकडे आणि जवळजवळ १७ सेंटिमीटर रुंदी.

आता तुकड्यांच्या जिथे जिथे कडा एकमेकींना टेकतात तिथे फेविकॉल लावा, सगळं जुळवून बाहेरून दोन जाड रबरबँड चढवा आणि सपाट फरशीवर दिवसभर ठेवा. तुकडे थोडे उंच-सखल राहणारच. वाळल्यावर जाड पॉलिश पेपर टेबलावर पसरून त्यावर अडणी गोल गोल फिरवा, पाच मिनिटांत वरची बाजू एका पातळीत येते. रबरबँड काढून तिथे सुतळीचे तीन वेढे घाला.

वरण-भाताचं पातेलं, चहाची किटली, ओव्हनमधून काढलेलं भांडं यांना ही अडणी चालते. तापलेल्या तेलाची कढई किंवा आचेवरून उतरवलेला तवा मात्र थेट ठेवू नका, कॉर्क करपतं. आणि ती सिंकमध्ये भिजत टाकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

बुचं आडवी लावून पिनबोर्ड करायचा विचार असेल तर आधी हिशेब करा. ३० × ४५ सेंटिमीटरच्या ट्रेला सुमारे १२५ बुचं लागतात. तेवढी नसतील तर शीट आणा आणि बुचांची फक्त चौकट करा.

छोट्या कामांतलं माझं आवडतं म्हणजे ठसे. भेंडीचे ठसे शाळेत सगळ्यांनी केलेत, पण भेंडी दुसऱ्या दिवशी संपते. बारीक दाण्यांच्या बुचाच्या टोकावर पेन्सिलने आकार काढा, बाजूचं ३-४ मिलिमीटर खोल कोरून काढा आणि स्टँप पॅडवर टेकवा. अक्षर असेल तर उलटं काढायचं. अस्सल बुचावर छापलं तर छिद्रांमुळे ठशात पांढरे ठिपके राहतात. मला ते आवडतात, पण सगळ्यांना आवडतील असं नाही.

तरंगणारी किल्लीची साखळी हाही नेहमीचा प्रयोग. तलावावर, बोटीवर जाणाऱ्यांनी जरूर करावा, पण गणित पाहून. एका बुचाचं आकारमान साधारण २० घनसेंटिमीटर आणि वजन ३-४ ग्रॅम, म्हणजे ते जेमतेम १६ ग्रॅम ओझं पाण्यावर धरतं. कड्यासकट एक छोटी किल्ली तरेल. घर, गाडी, ऑफिस, कपाट असा जुडगा लावलात तर बुचासकट तळाला. घरी बादलीत टाकून बघा आणि मग बाहेर न्या.

कॉर्कचं कापड शिवताना

कॉर्कचं कापड म्हणजे सालीचे कागदासारखे पातळ काप, मागून सुती किंवा पॉलिएस्टर कापडावर चिकटवलेले. हाताला मऊ लागतं, घडी पडते, धागे सुटत नाहीत म्हणून कडा दुमडायची सक्ती नाही. चामड्याचं काम शिकायचं आहे पण सुरुवातीला इतकी हत्यारं नकोत, अशा माणसाला हे कापड फार सोयीचं.

दोन गोष्टींचं पथ्य. एक, टाचण्या लावायच्या नाहीत. टोचलेलं भोक तसंच राहतं. कपडे वाळत घालायचे चिमटे किंवा कागदाचे क्लिप वापरा. दोन, टाका मोठा ठेवायचा, ३ ते ३.५ मिलिमीटर. बारीक टाके घातले तर शिवण पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी फाटते. याच कारणाने उसवून पुन्हा शिवणंही टाळा, आणि सुरुवातीला-शेवटी मशीन मागेपुढे करण्याऐवजी दोऱ्याची टोकं मागे ओढून गाठ मारा. सुई १४ नंबरची, जाड थर असतील तर १६, आणि दोरा पॉलिएस्टरचा. कापड फुटाखाली (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली) अडकत असेल तर टेफ्लॉनचा फूट लावा. तो नसेल तर वर बटरपेपरची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर फाडून टाका. साधं घरगुती मशीन हे काम करतं.

पहिली वस्तू कार्डांचं पाकीट. १०.५ × १७ सेंटिमीटरचा तुकडा कापा. उलट बाजू वर ठेवून खालून ६.५ सेंटिमीटर वर दुमडा, त्याच्यामागे तेवढीच पाठ आणि वर ४ सेंटिमीटरचं झाकण उरतं. झाकणाचे कोपरे वाटी ठेवून गोल कापा. दोन्ही बाजूंना कडेपासून ५ मिलिमीटर आत शिवण घाला. आत साडेनऊ सेंटिमीटर जागा राहते, बँकेचं कार्ड ८.५६ सेंटिमीटरचं, म्हणजे आरामात जातं. टिचबटण मात्र शिवण्याआधी बसवा. पाकीट बंद झाल्यावर आत हातोडी जात नाही. इस्त्री हवी असेल तर मागच्या बाजूने, मध्ये सुती कापड ठेवून, मंद.

कापड घडी करून ठेवू नका, गुंडाळी करा. लहानसहान उरलेले तुकडे फेकायचे नाहीत. दोन तुकडे उलट बाजूंनी एकमेकांना चिकटवले की कानातल्यांचा आकार कापता येतो, आणि ते इतके हलके होतात की मोठे केले तरी कान ओढत नाहीत.

विकत घेताना

फॅशनमधलं कॉर्क नवं नाही. इटलीने १९३५ मध्ये इथिओपियावर स्वारी केली, इटलीवर निर्बंध आले आणि बुटांच्या टाचेला आधार द्यायचं चांगलं पोलाद मिळेना. तेव्हा फ्लॉरेन्समध्ये बूट बनवणाऱ्या साल्वातोरे फेरागामोने सार्डिनियाचं कॉर्क आणून टाचेपासून पुढपर्यंत सलग भरीव सोल केला. त्याने १९३८ मध्ये हॉलिवूडची अभिनेत्री ज्युडी गार्लंड हिच्यासाठी केलेली सप्तरंगी सँडल याच पद्धतीची, कॉर्कच्या थरांवर रंगीत चामडं मढवलेली. बर्कनस्टॉकसारख्या सँडलच्या तळव्यात आजही कॉर्क आणि लेटेक्स यांचं मिश्रण असतं आणि ते वापरता वापरता पायाच्या आकाराचं होतं.

पर्स घेताना शिवणीजवळची घडी उघडून बघा. तिथे पापुद्रा सुटलेला दिसला तर ठेवून द्या. आतलं अस्तर आणि मागचा थर कशाचा आहे ते विचारा. दुकानदार 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणतो तेव्हा तो वरच्या अर्ध्या मिलिमीटरबद्दल बोलत असतो. खाली पॉलिएस्टर असणं हा काही गुन्हा नाही, पण माहीत असलेलं बरं. छापील कॉर्कही असतं, म्हणजे रेक्झिनवर कॉर्कचं चित्र. त्याच्यावर ठरावीक अंतराने तीच रेघ पुन्हा येते, तिथे ते पकडलं जातं.

पावसाळ्यात कॉर्क भिजल्याने बिघडत नाही, बिघडतं ते मागचं कापड आणि गोंद. ओली पर्स किंवा सँडल पंख्याखाली वाळवा. हेअर ड्रायर, हीटर, कडक ऊन आणि बंद गाडीचा डॅशबोर्ड या चारही जागा वर्ज्य. डाग पुसायला सौम्य साबणाचं पाणी पुरेसं आहे, स्पिरिट लावू नका.

पाहुणे आले की

वाइन घरी घेत नसाल तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या.

बाटलीत बसवताना २४ मिलिमीटरचं बूच दाबून साडेअठराच्या गळ्यात घातलेलं असतं, म्हणून ते इतकं घट्ट. वेटरकडे असतो तसा दोन पायऱ्यांचा खिशातला कॉर्कस्क्रू घ्या, तो सगळ्यात भरवशाचा. गळ्याच्या खालच्या कडेशी फॉइल कापा, मळसूत्राचं टोक बुचाच्या मधोमध टेकवा आणि सरळ फिरवा. शेवटचा एक वेढा बाहेर राहू द्या. मग पहिली पायरी गळ्यावर टेकवून उचला, अर्धं वर आलं की दुसरी. शेवटचा सेंटिमीटर हाताने, हलवत. बूच तुटलं तर उरलेल्या तुकड्यात मळसूत्र तिरकं घालून बघा, तरी नाही आलं तर आत ढकला आणि गाळणीतून ओता. काही नुकसान होत नाही. वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर तो बुचातून आलेला दोष. तब्येतीला घातक नाही, पण पिण्यात मजाही नाही. उरलेली बाटली बंद करताना जे टोक आधी आत होतं तेच पुन्हा आत घाला.

शॅम्पेनच्या बाटलीत हवेच्या दाबाच्या ५ ते ६ पट दाब असतो. ती चांगली गार करा आणि कुणाच्याही तोंडाकडे रोखू नका. तारेची जाळी सैल केल्यापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही. बाटली तिरकी धरा, बूच घट्ट पकडा आणि बूच न फिरवता बाटली फिरवा. उसासा टाकल्यासारखा आवाज आला तर काम नीट झालं. सिनेमातला फटाका म्हणजे सांडलेली वाइन आणि फुटलेला बल्ब.

जेवणाच्या टेबलावर बुचाचा सगळ्यात सोपा उपयोग चिठ्ठी धरायचा. बूच आडवं ठेवा, खालून थोडं घासून सपाट करा, वर कटरने लांबीत एक खाच द्या आणि जाड कागदाची पट्टी खोचा. दिवाळीच्या फराळाला घरात पंधरा-वीस माणसं असली की 'तिखट शंकरपाळे', 'दाणे आहेत', 'बिनसाखरेचे' अशा पाट्या खरंच उपयोगी पडतात.

कॉर्कच्या झाकणाच्या काचेच्या बरण्या मात्र फोटोत दिसतात तितक्या कामाच्या नाहीत. ते झाकण सैलसर असतं. कडधान्य, लवंग-दालचिनी ठीक, पण पावसाळ्यात चिवडा ठेवलात तर तो दोन दिवसांत सादळणार. लोणचंही नको, तेल आणि मसाला कॉर्कमध्ये जिरतो आणि वास कायमचा बसतो.

आणि शाळेच्या गॅदरिंगला मावळ्यांच्या मिशा काढायच्या असतील तर एक अस्सल बूच बाजूला ठेवा. प्लास्टिकचं इथे चालत नाही आणि दाण्यांचंही नाही, दाण्यांच्या बुचात गोंद असतो. चिमट्यात धरून एक टोक मेणबत्तीवर काळं होईपर्यंत जाळा, विझवा आणि पूर्ण गार होऊ द्या. आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून खात्री करा, मग पोराच्या ओठावर. रंग फिका पडला की टोक पुन्हा जाळायचं. काढताना आधी खोबरेल तेल चोळायचं आणि मग साबण. नुसत्या साबणाने मिशी गालभर पसरते.